माळाला झाडं नको म्हणणाऱ्या बाई

बाईंच्या हातात बाराही महिने छत्री असायची. सोलापुरात छत्री बाळगणं म्हणजे तसा आशावादच. पण बाईंची छत्री पावसासाठी नव्हती आणि उन्हासाठीही नव्हती. ती उघडलेली मी फार क्वचित पाहिली. लांब दांड्याची, काळी, पुढे लोखंडी टोक असलेली ती पुरुषी छत्री बाई रानात खुपसत. टोक कुठपर्यंत जातं, वर काढल्यावर त्याला माती चिकटते की नुसती धूळ लागते, हे बघून जमिनीत ओल किती ते सांगत. ओल मोजायची यंत्रं कार्यालयात होती आणि बाईंचं यंत्रांशी काही वैरही नव्हतं. "यंत्र माणूस गाडीत विसरतो, छत्री हातात राहते," एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या आमच्या जिल्ह्याच्या कृषी खात्याच्या प्रमुख होत्या. समोर सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि त्यांच्यामागे बाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि दोन्हींतलं 'बाई' त्यांना जास्त आवडायचं. मॅडम म्हटलं की आपल्या मागे आणखी कुणी उभं आहे की काय असं वाटतं, असं त्या म्हणायच्या. गाव अक्कलकोटच्या पलीकडे, अगदी सीमेला लागून. त्यामुळे त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. रोज संध्याकाळी त्या गावाकडे नवऱ्याला फोन करायच्या. तो सगळा कानडीत असायचा आणि आम्हाला त्यातलं फक्त म्हशीचं नाव कळायचं. इरकली साडी, पायात बूट, केसांचा घट्ट अंबाडा आणि ती छत्री, अशा त्या बांधावरून चालत निघाल्या की मागून येणाऱ्या तरण्याताठ्या कृषी सहाय्यकांना धाप लागायची.

मी कोकणातली. तिथून बदली होऊन सोलापूरला तंत्र अधिकारी म्हणून हजर झाले, त्या दिवशी बाईंनी मला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी नुसत्या ओलीवर कशी येते, हा पहिला. मी अभ्यासातलं उत्तर दिलं. तेच बी करमाळ्याच्या हलक्या रानात टाकलं तर काय होईल, हा दुसरा. मी थोडं अभ्यासातलं आणि थोडं मनातलं सांगितलं. मग त्यांनी विचारलं की तुमच्या घरच्या आंब्याला यंदा मोहोर उशिरा का आला. मी थंडी, ढगाळ हवा, असं काहीतरी जुळवून सांगितलं.

"खात्री आहे?" बाई म्हणाल्या.

"तशी नाही."

"मग काय म्हणायचं?"

शेवटी मी म्हणाले, "मला माहीत नाही."

"पुढं?"

पुढं काय ते मला समजेना. तेव्हा बाईंनीच वाक्य पुरं केलं आणि माझ्याकडून म्हणून घेतलं : "मला माहीत नाही, बघून सांगते." नंतर कळलं की नव्या येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या हे वाक्य असंच म्हणून घेत. बांधावर कुणी शेतकऱ्याने काही विचारलं आणि आमच्यापैकी कुणी ठोकून दिलं, तर बाई सगळ्यांसमोर त्याला हे वाक्य म्हणायला लावायच्या. आपला अंदाज चुकला तर आपण दुसरा अंदाज करतो, त्याचा हंगाम चुकला तर त्याला वर्ष थांबावं लागतं, हे त्यामागचं कारण. ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. पहिल्या दिवशी काही न सांगता मला नुसतं बोलतं केलं. त्या रात्री मी घरी फोन करून सांगितलं होतं की इथल्या साहेब जरा विचित्र आहेत.

विचित्र होत्याच. साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल टाकायची सरकारी पद्धत आहे. तो कशासाठी असतो हे मला आजही सांगता येणार नाही. पण बाईंनी त्याला काम शोधून दिलं होतं. मातीचे नमुने चाळून झाले की त्या मागे हात करून त्याच टॉवेलला पुसायच्या. आमचे शिपाईमामा सोमवारी धुतलेला टॉवेल टाकत आणि मंगळवारी त्याच्याकडे बघून सुस्कारा सोडत. एकदा त्यांनी काळ्या रंगाचा टॉवेल आणला, तर बाई म्हणाल्या, मामा, यावर चिकणमाती दिसते पण काळी माती दिसत नाही, पांढराच बरा.

आणि ती भाकरी. त्यांच्या पिशवीत गावाकडची कडक भाकरी असायची. पापडासारखी पातळ, आठवडाभर टिकणारी, आणि सोबत शेंगाचटणीचा डबा. बैठकीत कुणी पाल्हाळ लावलं तर बाई त्याला थांब म्हणत नसत. त्या शांतपणे भाकरी काढायच्या आणि मोडायच्या. त्या कडाक् आवाजाने बोलणारा आपोआप शेवटच्या मुद्द्यावर यायचा. मग तुकडा त्यालाच मिळायचा, चटणी लावून. आमच्याकडे 'तुझी भाकरी मोडली काय' असा वाक्प्रचारच पडला होता.

त्यांच्या गाडीवर सलीमभाई होते. सोलापूर शहरातले, जन्म सगळा सरकारी गाड्यांवर गेलेला. बाई पुढच्या सीटवर बसायच्या आणि रस्त्याने जाताना एखादं नीट राखलेलं रान दिसलं की मध्येच थांबा म्हणायच्या. एकदा सलीमभाई त्यांना अदबीने म्हणाले की मॅडम, जिल्ह्यात चांगली शेती लई वाढायला लागली तर गाडीचे ब्रेक टिकायचे नाहीत. बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी ते बैठकीत सांगितलं.

या थांबण्यातूनच त्यांचा गुरुवार निघाला. सरकारी माणूस गावात येतो तो काहीतरी बिघडल्यावर. रोग पडला, गारपीट झाली, तक्रार आली, की पंचनाम्याला हजर. बाईंनी ठरवून टाकलं की दर गुरुवारी प्रत्येक अधिकाऱ्याने अशा एका शेतकऱ्याकडे जायचं, ज्याचं बरं चाललंय, आणि त्याला विचारायचं की तुमचं बरं कसं चाललंय. याला त्या 'चांगल्याची चौकशी' म्हणायच्या. मला पहिल्या गुरुवारी वेळापूरच्या बाजूला पाठवलं होतं. तिथल्या गृहस्थांची डाळिंबाची बाग आजूबाजूच्या सगळ्या बागा तेल्या रोगाने झडल्या तरी हिरवीगार उभी होती. मी गेले, नाव सांगितलं, खातं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. बायकोला हाक मारून त्यांनी घरातली सगळी कागदपत्रं बाहेर आणली. मी म्हणते, कागद नकोत, मला बाग बघायची आहे. आणि ते म्हणतात, बघा की, पण आमचं काय चुकलंय ते आधी सांगा. दुसऱ्या चहानंतर कुठे त्यांचा विश्वास बसला. मग मात्र त्यांनी मला बागेतून असं फिरवलं की निघताना उन्हं कलली होती. छाटणीची हत्यारं प्रत्येक झाडानंतर धुऊन घ्यायची त्यांची शिस्त पुढे आम्ही गावोगाव सांगितली, त्यांच्या नावानिशी.

हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "सरकार चांगलं बघायला आलंय, हे खरं वाटायला माणसाला दोन कप चहा लागतो. आपलं खातं नुसतं खातं, असं लोक म्हणतात ते उगीच न्हाई की."

हे सगळं गमतीचं होतं. बाई खरोखर कशाच्या होत्या ते मला त्या माळाच्या प्रकरणात कळलं.

त्या वर्षी राज्यभर झाडं लावायची मोहीम होती आणि प्रत्येक खात्याच्या वाट्याला उद्दिष्ट आलं होतं. आमच्या वाट्याची बरीचशी झाडं करमाळ्याच्या अंगाच्या एका गावात लावायची ठरली. गावाच्या शिवेवर, तालुक्याच्या रस्त्याला लागून मोठं गायरान होतं. सरकारी मालकीचा, उघडा, पसरलेला माळ. कार्यक्रमाला मंत्री येणार होते. आराखडा मी केला होता आणि मला तो फार आवडला होता. कागदावर त्या माळावर हिरव्या ठिपक्यांच्या ओळी काढल्या होत्या. माझ्या कोकणी डोळ्यांना माळ म्हणजे रिकामी जागा दिसायची. कुणीतरी विसरून ठेवून गेल्यासारखी. तिथे झाडं लावणं यापेक्षा पुण्याचं काम कुठलं?

खड्डे काढायला यंत्र यायच्या आधी बाई म्हणाल्या, एकदा बघून येऊ. मृगाच्या दोन-तीन सरी होऊन गेल्या होत्या. माळावर पोपटी लव आली होती. बाईंनी छत्री खुपसली. ती वीतभरही गेली नाही आणि खाली मुरमाला लागून टणकली. त्यांनी पाच-सहा ठिकाणी खुपसून बघितलं, सगळीकडे तोच आवाज. मग त्या खाली बसल्या आणि गवताची एकेक काडी माझ्या हातात देत गेल्या. ही पवन्या, ही मारवेल, ही कुसळी. तिन्ही मला सारख्याच दिसत होत्या.

"इथं झाडं लावायची न्हाईत," बाई म्हणाल्या.

मी विचारलं की मग ही रिकामी जागा अशीच ठेवायची का.

"रिकामी? बस इथं जरा."

त्यांनी मला बसवलं आणि स्वतः लांब निघून गेल्या. मी बसून राहिले. मला काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मुंग्या मात्र चावल्या. पण बसल्यावर दिसायला लागतं हे खरं. एक चंडोल सरळ वर चढत गेला आणि ठिपक्याएवढा होईपर्यंत गात राहिला. टिटवीची जोडी माझ्याभोवती आरडाओरडा करत फिरायला लागली. पलीकडच्या उतारावर मेंढ्यांचा कळप पसरला होता. बाई परत आल्या तेव्हा त्यांनी साधा हिशेब सांगितला. वीतभर माती आहे ती या गवताच्या मुळ्यांनी धरून ठेवलीय. गवतावर या मेंढ्या जगतात. ह्याच मेंढ्या पुढे ज्वारीच्या रानात बसवतात आणि त्यांच्या लेंडीखतावर गावाची ज्वारी येते. यंत्राने इथे खड्डे काढले की माती वाहून जाणार, झाडं चैत्रात वाळून काड्या होणार, आणि गवतही गेलेलं असणार. झाड हवंच, पण जिथे त्याचं पोट भरेल तिथे.

मला पटलं. पण आराखडा वरपर्यंत गेला होता.

बातमी आमच्या आधी सोलापुरात पोचली. कृषी खात्याची प्रमुखच झाडं लावायला नको म्हणते, ही गंमत सगळ्या कार्यालयांत फिरली. विभागाच्या साहेबांचा फोन आला तो मला बाहेरच्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. बाई मध्ये मध्ये फक्त "होय साहेब" म्हणत होत्या आणि तेही असं, की त्यातून काहीच कबूल होत नव्हतं.

पण खरी अडचण साहेबांची नव्हती, गावाची होती. बाईंनी गावात बैठक लावली. समाजमंदिरात सगळे सतरंजीवर बसले, बाईही. सरपंच चाळिशीतले, कामसू गृहस्थ. त्यांनी आवाज न चढवता सगळं मांडलं. गाव आणि तालुक्याचा रस्ता यांच्या मध्ये ओढा होता; माळ रस्त्याच्या बाजूला, गाव पलीकडे. त्यावर पूल नव्हता, नुसती फरशी होती, आणि पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. बाळंतपणाला निघालेल्या बाया गावाकडेच अडकून पडल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मंत्री गावात येणार होते आणि त्यांच्यापुढे पुलाचं गाऱ्हाणं घालायचं असं गावाने ठरवलं होतं. कार्यक्रमच रद्द झाला तर तेही गेलं.

"मॅडम, तुमचं गवत ऱ्हाईल," सरपंच म्हणाले, "पन आमचा पूल जाईल. आता तुमीच सांगा, आमी काय करावं?"

सगळं समाजमंदिर बाईंकडे बघायला लागलं. मला वाटलं, आता त्या माती, मुळ्या, मेंढ्या असं सगळं समजावून सांगणार. बाईंनी पदर सारखा केला.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एवढ्या मोठ्या साहेब गाडी घेऊन येतात आणि माहीत नाही म्हणतात. सरपंच मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, बघा मग, आमी थांबतो.

पुढचे काही दिवस आम्ही त्या गावातच होतो म्हणायला हरकत नाही. बाईंनी ओढ्याचा काठ वरपासून खालपर्यंत पालथा घातला. तिथे छत्री मुठीपर्यंत आत गेली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. शाळेचं आवार बघितलं. आणि मग बाजाराच्या दिवशी बाजारात गेल्या.

गावाचा आठवडी बाजार ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या बाजूच्या मोकळ्या मैदानात भरायचा. एकही झाड नाही. भाजी विकणाऱ्या बाया डोक्यावर ओलं फडकं टाकून भर उन्हात बसलेल्या, आणि मेथी, चुका, सगळं दुपारपर्यंत मान टाकलेलं. बाई एका वांगीवालीशेजारी जमिनीवर बसल्या आणि विचारलं की इथे झाड लावलं तर चालेल का.

"चालंल का म्हंजी?" ती म्हणाली. "सावलीला कोन नको म्हनंल? पन ते हिकडं लावा, माज्याकडं. तिकडं लावलं तर सावली सगळी त्या कांदेवालीच्या अंगावर जाती."

कांदेवालीने ते ऐकलं. मग पलीकडच्या लसूणवालीने ऐकलं. थोड्याच वेळात अख्खा बाजार सावलीवरून भांडत होता. जी सावली पडायला अजून कितीतरी वर्षं होती. बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी भांडण मिटवलं नाही, वाढवलंच. तुमची जागा दाखवा, तुम्ही कुठल्या तोंडाने बसता, ऊन कधी डोक्यावर येतं, असं विचारत त्या मैदानभर फिरल्या आणि ज्या त्या बाईला आपल्या हाताने दगड ठेवायला लावला. जिथे दगड, तिथे झाड. संध्याकाळी मैदानात दगडांची एक वाकडीतिकडी रांग तयार झाली होती. माझ्या आराखड्यातल्या सरळ ओळींशी तिचं काही नातं नव्हतं. पण प्रत्येक दगडामागे एक धनीण उभी होती, आणि ती तिथलं झाड मरू देणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही विभागाच्या साहेबांकडे गेलो. बाईंनी मला बरोबर घेतलं, कारण आराखडा माझा होता. साहेबांनी आम्हाला बसा म्हणायला वेळ लावला. ते म्हणाले की जागा मंजूर आहे, वरच्यांना कळवली आहे, आता बदल नाही. बाईंनी नवा आराखडा पुढे ठेवला. तितकीच झाडं, ओढ्याचा काठ, शाळा, बाजार.

"साहेब, माळावर लावली तर लावल्याचा फोटो चांगला येईल," बाई म्हणाल्या. "पण मंत्री वर्षाने परत आले आणि म्हणाले, माझं झाड दाखवा, तर काय दाखवायचं?"

साहेबांनी नकाशा जवळ ओढला. मग म्हणाले, "बदल झाला तर जबाबदारी तुमची राहील."

"माझीच आहे की. म्हणून तर आले."

त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर बाईंनी पिशवीतून भाकरी काढली, मोडली, अर्धी मला दिली, अर्धी सलीमभाईंना, आणि चुरा स्वतः खाल्ला.

माळाचं मात्र अजून संपलं नव्हतं. बाईंना तिथे झाडं नको होती, आणि मोकाट चराईही नको होती. निम्मा माळ दसऱ्यापर्यंत बंद ठेवायचा, गवताला बी धरू द्यायचं, आणि पुढच्या वर्षी दुसरा निम्मा, असं त्यांचं म्हणणं. यावर एका म्हाताऱ्या मेंढपाळाने काठीवर हनुवटी टेकून त्यांना विचारलं, "झाडं न्हाई लावायची म्हनता, आन् मेंढरंबी न्हाई सोडायची म्हनता. मंग माळ ठिवायचा कशापायी, बगायला?"

बाई हसून म्हणाल्या, निम्मा तुमचाच आहे, आणि उरलेला निम्माही पुढच्या वर्षी तुमचाच. एक वर्ष बघा. नाही पटलं तर मी येऊन माफी मागेन. म्हाताऱ्याने विचार केला आणि म्हणाला की एक वरीस कायच न्हाई, बगू. त्यांच्यातली ही बोलणी कितीतरी वेळ चालली, मध्ये दोन वेळा मोडली, आणि शेवटी मेंढीच्या दुधाच्या चहावर पक्की झाली. तो चहा मला काही घशाखाली उतरला नाही. बाईंनी माझा कपही संपवला.

मंत्री आले तो दिवस भुरभुर पावसाचा होता. कार्यक्रम आता बाजाराच्या मैदानात होता आणि मैदान ओढ्याच्या पलीकडे. फरशीवरून गुडघाभर गढूळ पाणी चाललेलं. गाड्यांचा ताफा काठाशी येऊन थांबला. बरोबरच्या लोकांची धांदल उडाली. मंत्र्यांनी इकडे तिकडे पाहिलं, चपला काढून हातात घेतल्या, आणि सरपंचांचा हात धरून ते पाण्यातून पलीकडे आले. सरपंचांना पुलाविषयी एक शब्दही बोलावा लागला नाही. पलीकडे पोचल्यावर मंत्रीच म्हणाले, "रोज असंच जाता काय हो?"

झाड लावायला ते ज्या दगडापाशी उभे राहिले, तो वांगीवालीचा होता. ती शेजारीच उभी राहून लक्ष ठेवून होती. झाड लावून झाल्यावर त्यांनी बाईंकडे वळून विचारलं की झाडं नको म्हणणाऱ्या त्या तुम्हीच का. बाई म्हणाल्या, "नको न्हाई साहेब. तिथं नको." ते हसले आणि पुढे गेले. एवढंच.

पूल लगेच झाला नाही, पण झाला. बाजारातली बहुतेक झाडं जगली. गाडीतून परत येताना मी बाईंना विचारलं होतं की मंत्र्यांना पाण्यातून यावं लागणार, हे तुम्ही जागा बदलतानाच हेरलं होतं का.

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. पुढचं वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या अगदी थोडं बोलल्या. आपल्या हाताखालच्या माणसांना घाबरवायचं नाही, घाबरलेला माणूस खोटं उत्तर देतो, असं काहीसं. मग सगळ्यांच्या खांद्यावर एकेक थोपटणी देऊन त्या गावाकडच्या एसटीत बसल्या. आम्हाला कार्यालय बरेच दिवस फार नीटनेटकं वाटत राहिलं.

यंदा पोळ्याच्या सुमाराला त्यांचा फोन आला. म्हणाल्या, माळ बघून येऊ, गवत चांगलं असेल आता. सरकारी गाडी नको म्हणाल्या. मी रजा टाकली आणि आम्ही दोघी एसटीने गेलो. आधी पुलावर जाऊन आलो आणि मग माळावर चढलो.

गवत मांडीपर्यंत आलं होतं. वारा आला की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. आता मला पवन्या आणि मारवेल वेगळी ओळखू येत होती. आम्ही थोडं आत गेलो, एक सपाट दगड बघितला आणि डबे सोडायला बसलो. तेवढ्यात लांबून हाक आली.

"ओ मावशी! तितं बसू नका!"

एक तरुण बाई झपझप येत होती. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. गावातल्या मेंढपाळांकडे लग्न होऊन आलेली सून असावी. जवळ येऊन तिने आमचे डबे बघितले, आमचे बूट बघितले आणि शहाण्या माणसाला न चिडता समजवावं तसं बोलायला लागली.

"ही बाजू दसऱ्यापतोर बंद हाय. मानसांनी बी शिरायचं न्हाय. खाली पाखरांची अंडी असत्यात, पायाखाली येत्यात. जेवायचं आसंल तर तिकडं वाटंवर बसा."

बाई ताडकन उठल्या. मी तोंड उघडलं. या कोण आहेत हे तिला सांगावंसं मला फार वाटलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "आम्ही पाहुण्या. आम्हाला माहीत नव्हतं."

"कुटल्या म्हनायच्या?"

"अक्कलकोटकडच्या."

"तिकडं माळ न्हायीत का?"

"हायेत. पण असे राखलेले न्हाईत," बाई म्हणाल्या. "हा कुणी राखला?"

"कुनी म्हंजी? आमीच की. गावानं." ती काठी टेकून उभी राहिली आणि मोठ्या उत्साहाने आम्हाला सगळं सांगायला लागली. यंदा ही बाजू, पुढच्या सालाला ती. मागच्या उन्हाळ्यात आसपासच्या गावांत चारा नव्हता तेव्हा यांच्या मेंढ्या कशा तगल्या. बाहेरचा कुणी कळप घुसला तर पोरीबाळी सुद्धा कशा हाकलतात. हे पहिल्यापासून असंच आहे, ती म्हणाली. पहिल्यापासून.

बाई एखादी नवीन गोष्ट ऐकावी तशा ऐकत होत्या. मध्ये मध्ये प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "चांगलं केलंत की."

आम्ही आल्या पावलावर पाऊल ठेवत बाहेर आलो आणि वाटेच्या कडेला बसून जेवलो. ती बाई आम्ही खरोखर बाहेर पडलो की नाही ते बघत उंचवट्यावर उभी होती. बाईंनी तिला हात केला. तिनेही केला.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. टेंभुर्णीच्या आधीच बाईंनी खिडकीला डोकं टेकलं आणि त्या झोपल्या. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर जिल्हाभर हिंडले, पण प्रवासात त्यांचा डोळा लागलेला मी कधी पाहिला नव्हता. खड्ड्यांनी गाडी उसळत होती. मी त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं आणि सोलापूर येईपर्यंत हलले नाही.